नजरचूक

रंगांच्या बाबतीत आमच्या घरात मला मताचा अधिकार नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी सौभाग्यवतींसाठी चिंतामणी रंगाची साडी आणायला गेलो आणि मोरपंखी घेऊन आलो. त्या दिवशी जो अधिकार गेला तो गेलाच. आता भिंतींना रंग द्यायचा असला की शेडकार्ड माझ्या हातात दिलं जातं, पण ते पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून.

अशा माणसाला बँकेने रंग निवडायला बसवावं हा दैवाचा विनोद म्हणायचा. मी बी. कॉम. आहे. रंगांशी माझा शास्त्रोक्त संबंध दोनच शायांपुरता: निळी शाई लिहायला आणि लाल शाई दुसऱ्याचं चुकलं हे सांगायला.

त्याचं असं झालं. दोन वर्षांपूर्वी माझी बदली आमच्या बँकेच्या संगणक विभागात झाली. शाखेतून कुणाला तरी पाठवायचं होतं आणि शाखेला मी कुणालाच नको होतो, असा तो एकमताने झालेला निर्णय. त्या विभागात भिंतीवर एक भलामोठा पडदा आहे आणि त्याच्यावर चोवीस तास रेघा सरकत असतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणाचा तरी हार्ट काढताहेत. चौकशीअंती कळलं की ते कॉम्प्युटरचंच दुखणं-खुपणं.

कॉम्प्युटर दमलाय की नाही, हे त्याच्या तोंडावरून कळत नाही. कारकून दमला तर जांभई देतो, चहाला जातो, फारच झालं तर रजेचा अर्ज टाकतो. कॉम्प्युटर बिचारा एकदम आडवाच होतो. म्हणून त्याच्या कामाचे आलेख काढून माणसाला त्यांच्यासमोर बसवतात. तुम्हाला सोप्या भाषेत सांगतो. प्रोसेसर म्हणजे हिशेब करणारा कारकून. मेमरी म्हणजे त्याचं टेबल. डिस्क म्हणजे पाठीमागचं कपाट. नेटवर्क म्हणजे कागदांची ने-आण करणारा शिपाई. यांतला प्रत्येक जण किती कामात आहे याच्या रेघा. शिवाय खिडकीवर किती लोकांचं काम झालं आणि किती जण रांगेत अडकलेत, याच्या आणखी दोन. अशा सगळ्या मिळून अकरा रेघा.

आमचे साहेब माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत. एके दिवशी ते मला म्हणाले, “या अकराही रेघा निळसरच दिसतात. तुम्ही अनुभवी आहात, जरा रंगांचं बघा.”

अनुभवाचा आणि रंगांचा संबंध काय, हे मी विचारलं नाही. बँकेत असले प्रश्न प्रमोशन झाल्यावर विचारायचे असतात.

मी बसलो. त्या यंत्राने माझ्यापुढे रंगांची जी पेटी उघडली तिच्यात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग होते. आकडा अतिशयोक्तीचा नाही. लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या असतात. त्यांचा गुणाकार करून पाहा, मी केला आहे. मला या संपत्तीचा मोह पडला. प्रोसेसरला डाळिंबी दिला, मेमरीला आमसुली, डिस्कला श्रीखंडी, नेटवर्कला अबोली. पडद्यावर नुसतं हळदीकुंकू चाललंय असं वाटायला लागलं.

मग एक-एक गंमत कळू लागली. पांढऱ्या पार्श्वभूमीवर श्रीखंडी डिस्क दिसेचना. साहेब म्हणाले, मागे काळं करा. काळं केलं तर डिस्क उजळली आणि आमसुली मेमरी अंधारात गेली. डोळ्याला रेघ दिसते ती रंगामुळे कमी आणि उजेडाच्या फरकामुळे जास्त, हे मला तेव्हा समजलं. वेबवरच्या मजकुरासाठी जगभर एक दंडक मानतात. त्यात २०१८ साली आलेखांसाठीही कलम आलं: रेघ आणि तिची पार्श्वभूमी यांच्या उजेडात निदान तीनास एक असं प्रमाण हवं. आमच्या आजीला हा दंडक ठाऊक नव्हता, तरी पांढऱ्या फरशीवर ती पांढरी रांगोळी कधी काढत नसे.

शेवटी मी पुन्हा पांढऱ्यावर आलो, नऊ रेघा फिकट करून बाजूला केल्या आणि दोन मुख्य रेघांना दोन ठसठशीत रंग दिले. ‘पार पडलेले व्यवहार’ हिरव्या रेघेने, ‘अडकलेले व्यवहार’ लाल रेघेने. एकीने दुसरीला झाकू नये म्हणून दोन्ही सारख्याच उजळ निवडल्या. रोजच्या दिवशी हिरवी वर चालणार, लाल खाली झोपलेली. लाल वर आणि हिरवी खाली झाली की फोन उचलायचा. साहेब खूष झाले. मी म्हटलं, “साहेब, सिग्नलसारखं आहे. कुणालाही कळेल.”

वाचकहो, हा ‘कुणालाही’ शब्द जरा लक्षात ठेवा. पुढे त्याच्यावर खटला चालायचा आहे.

महिन्याचा शेवटचा दिवस होता. पगार आणि पेन्शन एकदम जमा होण्याचा. रात्रपाळीला पडद्यासमोर नाना होते. नाना १९८९ साली बँकेत लागले, निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलेलं. ज्यांच्या बेरजा कॉम्प्युटरने तपासाव्यात की कॉम्प्युटरच्या बेरजा ज्यांनी तपासाव्यात असा प्रश्न पडावा, त्या पिढीतले. त्या रात्री लाल रेघ चढत गेली, हिरवी उतरत गेली, मध्येच कुठेतरी दोघींची फुली झाली आणि जागांची अदलाबदल झाली. नानांनी फोन उचलला नाही. पस्तीस मिनिटं आमच्या सगळ्या एटीएमनी लोकांना ‘क्षमस्व’ म्हटलं. पेन्शनर मंडळी रांगेत उभी राहून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी नानांकडून लेखी खुलासा मागवला गेला. नानांनी दोन ओळी लिहून दिल्या: ‘नजरचूक झाली. क्षमस्व.’ कॅन्टीनमध्ये चर्चा झाली. “म्हाताऱ्याचा डोळा लागला असणार,” असं एक जण म्हणाला आणि सगळे हसले. तो एक जण मी होतो. हे आज लिहितानाही बरं वाटत नाही.

आठवडाभराने त्या रात्रीच्या आलेखाची प्रत वरच्या कार्यालयाला पाठवायची होती. आमच्याकडे रंगीत झेरॉक्सला मंजुरी लागते. साध्याला लागत नाही. मी साधी काढली. काळी-पांढरी प्रत हातात आली तर दोन्ही रेघा एकाच करड्या रंगाच्या! कुठली कुठली काही कळेना. मी वैतागून शेजारच्या टेबलावर नानांना दाखवली. “बघा नाना, यात काही समजतंय का?”

नानांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि हळूच म्हणाले, “अरे, मला रोज हेच दिसतं.”

त्या दिवशी चहा नानांनी पाजला आणि मला सगळं सांगितलं. लाल आणि हिरवा हे दोन रंग त्यांना लहानपणापासून ओल्या मातीसारखे दिसतात. चौथीत त्यांनी झाडाची पानं विटकरी रंगवली होती, तेव्हा मास्तरांनी हातावर छडी दिली. सिग्नलला ते जागेवरून ओळखतात: वरचा दिवा थांबा, खालचा चला. पिकलेला आंबा वासावरून. त्यांच्या मामांचंही असंच होतं. हे आजारपण साधारणपणे आईकडून मुलाकडे येतं, तेव्हा मामा-भाचे एका माळेचे मणी निघावेत यात नवल नाही.

“पण नाना, लेजरच्या काळात काय करत होता? ओव्हरड्राफ्ट तर लाल शाईनेच लिहीत.”

“लिहीत की. पण आकड्यासमोर ‘नावे’ अशी दोन अक्षरंही लिहीत. मी अक्षरं वाचायचो. सतरा वर्षं लेजर लिहिलं, एकदाही नावेचं जमा झालं नाही.”

“मग खुलाशात खरं का नाही लिहिलंत?”

“सव्वा वर्ष राहिलंय रे. हारतुरे घेऊन जाऊ दे. ‘आंधळ्याला पडद्यासमोर बसवलं होतं’ असं ऐकून जायचं नाही मला. आणि चूक तर झालीच ना? नजर माझी, चूक माझी.”

मी घरी आलो, पण हे वाक्य काही डोक्यातून जाईना. नजर नानांची हे कबूल; पण चूक? मी दाखवलं आणि त्यांना दिसलं नाही, तर मी दाखवलं असं म्हणता येईल का? गुजरातीत पत्र लिहून मराठी माणसाच्या दारात टाकायचं आणि मग ‘कळवूनही आला नाहीत’ म्हणून रुसायचं, त्यातलाच हा प्रकार. आणि त्या रात्री नानांना नेमकं काय दिसलं असेल? समजा, गच्चीवरून तुम्हाला खालच्या बोळात दोन माणसं समोरासमोर येताना दिसली. ती एकमेकांना ओलांडून पुढे गेली, की भेटून आल्या वाटेने परत फिरली? दोघांचे सदरे एकाच रंगाचे असतील तर वरून कळणार नाही. नानांच्या लेखी दोन मातकट रेघा जवळ आल्या आणि लांब गेल्या. एक वर, एक खाली. रोजच्यासारखंच.

मी थोडं वाचन केलं. कॉलेजात वाणिज्य घेतल्यामुळे विज्ञानाशी वैर नव्हतं, फक्त ओळख नव्हती. अणूचा सिद्धांत मांडणारा इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टन याला हेच होतं. लोकांना गुलाबी वाटणारं जिरेनियमचं फूल त्याला दिवसा आकाशी दिसे आणि मेणबत्तीच्या उजेडात तांबूस. १७९४ साली त्याने मँचेस्टरमध्ये स्वतःच्या नजरेवर चक्क निबंध वाचला! नाना चाळीस वर्षं जे लपवत होते, ते या गृहस्थाने व्याख्यान देऊन सांगितलं. आपल्या डोळ्यातलं पाणी निळं असावं असा त्याचा तर्क होता, म्हणून मेल्यावर डोळे तपासा असं सांगून ठेवलं. १८४४ साली तो गेल्यावर डॉक्टरांनी पाहिलं, तर पाणी स्वच्छ. पण डोळे जपून ठेवले होते. १९९५ साली त्यांतल्या जनुकांची तपासणी झाली आणि खरं कारण सापडलं: हिरव्याच्या बाजूचा प्रकाश टिपणारं द्रव्य तयार करणारं जनुकच त्याच्याकडे नव्हतं. दीडशे वर्षं उशिरा का होईना, खुलासा स्वीकारला गेला.

युरोपीय वंशाच्या पुरुषांत असे लोक शंभरात आठ निघतात. बायकांत दोनशेत एखादी. आपल्याकडचं प्रमाण त्याहून कमी आहे, पण एक बँक भरून कर्मचारी घेतले तर त्यांत नाना एकटे नसणार. (चिंतामणी-मोरपंखी प्रकरणात या शोधाचा लाभ मला मिळेल, अशी आशा मी काही दिवस बाळगली होती. तपासणीत माझी नजर पूर्ण निर्दोष निघाली. दोष अन्यत्र असल्याचं घरी जाहीर झालं.)

दुसरी गोष्ट लक्षात आली ती अशी, की रंगाला स्वतःचा अर्थच नसतो. लाल म्हणजे धोका, हे कुणी ठरवलं? आमच्याकडे कुंकू लाल, शालू लाल. आपल्या शेअरबाजारात भाव पडला की लाल. चीन-जपानमध्ये भाव चढला की लाल. एरवी काळा अशुभ, पण संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसायची. नेटवर्कची रहदारी दाखवणारा एमआरटीजी नावाचा १९९५ सालचा प्रोग्राम येणारी रहदारी हिरव्या पट्ट्याने आणि जाणारी निळ्या रेघेने दाखवी. त्यात बरं-वाईट काही नव्हतं. प्रोसेसरचा वेळ कुठे खर्च झाला हे दाखवणारा, ज्वाळांसारखा दिसणारा एक आलेख २०११ पासून वापरात आहे. त्यातले लाल-केशरी रंग मुळात नुसते शेजारचे चौकोन वेगळे दिसावेत म्हणून कसेही टाकलेले असतात. नवखा माणूस मात्र जास्त लाल चौकोन बघून तिथेच आग लागलीय असं समजतो. तेव्हा रंग हा एक करार आहे. आणि बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं की करार दोन पक्षांत होतो. नानांची सही कुणी घेतली होती?

इथे मला जुन्या लेजरची आठवण झाली. द्विनोंदी पद्धतीचं मोठेपण हेच, की एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहायची. एकीकडे चुकलं तर दुसरीकडे पकडलं जातं. जुन्या लोकांनी शाईसुद्धा द्विनोंदी ठेवली होती: रंगाने एकदा सांगायचं, अक्षराने पुन्हा. सिग्नलही द्विनोंदी आहे, एक नोंद रंगाची, दुसरी जागेची. २०२० साली सरकारने नियम बदलला आणि सौम्य व मध्यम रंगांधत्व असलेल्यांना गाडीचा परवाना मिळण्याची वाट मोकळी केली. एकेरी नोंद ठेवली ती फक्त मी, तीही १ कोटी ६७ लाख रंग हाताशी असताना.

मी साहेबांना अर्ज लिहिला: ‘दिनांक अमुकच्या घटनेतील नजरचूक निम्नस्वाक्षरीकाराची आहे.’

साहेब म्हणाले, “अहो, तुम्ही त्या रात्री ड्युटीवर नव्हता!”

“मी नव्हतो साहेब. पण माझे रंग होते.”

नानांचं गुपित मी सांगितलं नाही. ते सांगायचा अधिकार मला नव्हता. नुसता तो झेरॉक्सचा कागद पुढे ठेवला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “यातली अडकलेल्यांची रेघ कुठली?”

“तेच विचारायला आलोय, साहेब.”

साहेब हुशार आहेत. थोडा वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, “ठीक आहे. पण शंभरातल्या चार-आठ जणांसाठी उरलेल्यांच्या डोळ्यांना सवयीचे रंग बदलायचे?”

प्रश्न वाईट नव्हता. त्यावर मी रात्रभर विचार केला होता, म्हणून उत्तर तयार होतं. “साहेब, बदलल्याने उरलेल्यांचं काय जातं? त्यांना नवेही दिसणारच. न बदलल्याने मात्र त्या चौघांचं सगळंच जातं. आणि पस्तीस मिनिटं रांगेत उभ्या राहिलेल्या पेन्शनरांपैकी एकालाही रंगांधत्व असायची गरज पडली नाही.” आयुष्यात पहिल्यांदा मी साहेबाशी इतकं लांब बोललो. परत येऊन दोन ग्लास पाणी प्यायलो.

आता आमच्या पडद्यावर पार पडलेल्यांची रेघ निळी आहे आणि अडकलेल्यांची नारिंगी. माझी कल्पना नव्हे. ओकाबे आणि इतो या दोन जपानी संशोधकांनी बहुतेक सगळ्यांना वेगळे ओळखू यावेत असे आठ रंग निवडून ठेवलेत, त्यांतलेच हे दोन. आठ! मी दोन दिवस कोटींत फिरत होतो. शिवाय नारिंगी रेघ जाड आणि तुटक आहे. खाली कोपऱ्यात रंगांची यादी असायची ती काढून टाकली आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला तिचं नाव लिहिलं. मर्यादा ओलांडली की घंटा वाजते. आणि कुठलाही नवा आलेख आला की मी आधी त्याची साधी झेरॉक्स काढतो. काळ्या-पांढऱ्यात समजला तर रंगाला परवानगी. मंजुरीच्या नियमाचा उपयोग झाल्याची बँकेच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ असावी.

नानांच्या फायलीतला तो दोन ओळींचा खुलासा मात्र निघाला नाही. बँकेच्या फायलीत गेलेला कागद आणि गंगेत सोडलेल्या अस्थी परत मागता येत नाहीत. पण साहेबांनी त्याच्यावर माझा अर्ज टाचून ठेवला आहे. फाईल उघडणाऱ्याला आधी माझी चूक दिसेल, मग नानांची. निदान क्रम तरी बरोबर लागला.

नव्या रेघा लागल्या त्या रात्री मी मुद्दाम थांबलो. नाना आले, पडद्याकडे बघत उभे राहिले.

“ही निळी. आणि ही... मोहरीसारखी कुठली?”

“नारिंगी.”

“असेल बाबा. टोकाला नाव लिहिलंयस ना? मग झालं.” आणि खुर्चीत बसून त्यांनी डबा उघडला.

या दिवाळीला धीर करून मी पुन्हा साडी आणली. या खेपेला दुकानदाराकडून बिलावर रंगाचं नाव लिहून घेतलं: ‘चिंतामणी, एक नग’. सौभाग्यवतींनी घडी उलगडली, खिडकीपाशी नेली आणि म्हणाल्या, “अहो, हा चिंतामणी नाही.”

मी बिल पुढे केलं.

बिल वाचून त्या म्हणाल्या, “म्हणजे या खेपेला नजरचूक दुकानदाराची.” आणि साडी ठेवून घेतली.